हेड पॅकिंग फुंकतंय म्हणून इंजिन भंगारात घालू नका

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

तुमच्या शेती पानावर पॉवर विडर, पॉवर टिलर, पंप असल्या यंत्रांच्या अनुदानाची माहिती कायम येते. महाडीबीटीवर अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात, अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के, सगळं व्यवस्थित येतं आणि ते यायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की यंत्र घरी आलं, दोन हंगाम चाललं आणि तिसऱ्याला बसलं की पुढं काय, हे कुठल्याच पेपरात येत नाही. आमच्या कराड भागात उसाच्या गावांत फिरून बघा, गोठ्यामागं ताडपत्रीखाली पडलेला विडर दिसतोच दिसतो. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंजिन गेलं ओ त्याचं". मी शेती करतो आणि फावल्या वेळात ही छोटी इंजिनं खोलतो, त्यामुळं सांगतो की त्यातली बरीचशी इंजिनं गेलेली नसतात, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, लिक असतं. एवढंच. शंभर-दीडशेचं पॅकिंग, एक पॉलिश पेपर आणि अर्धा दिवस, एवढ्यात ती परत चालू होतात, फक्त ते काम नीट करायला पाहिजे आणि तिथंच सगळी बोंब आहे.

आधी कुठल्या इंजिनाबद्दल बोलतोय ते सांगतो. विडर आणि दोन-तीन इंची पाण्याच्या पंपांवर जे साडेपाच-साडेसहा एचपीचं पेट्रोल इंजिन असतं, दोरी ओढून चालू होणारं, एका सिलिंडरचं, फोर स्ट्रोक, ते. मूळ डिझाईन होंडाच्या जीएक्स सिरीजचं, पुढं चायनातनं त्याच्या इतक्या कॉप्या आल्या की नाव काहीही असू दे, हेड काढलं की आत तेच दिसतं. १६३ सीसीच्या जीएक्स १६० चं बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४५ मिमी. हेड चार बोल्टवर बसलेलं, बोल्ट ८ मिमीचे, त्यांना १२ नंबरचा पाना लागतो. हेड आणि सिलिंडरच्या मधी जे पातळ पॅकिंग असतं ते जळलं किंवा हेड वाकडं झालं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बाहेर फुंकायला लागतं.

आता हे ओळखायचं कसं. बाहेरच्या बाजूला फुंकत असेल तर सोपं आहे, इंजिन चालू असताना चिक चिक असा आवाज येतो, हेडच्या जोडापाशी फिन्सवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांवर) काळा डाग दिसतो, साबणाचं पाणी टाकून दोरी ओढली की फुगे येतात. दोरी हलकी लागते, लोडला घेतलं की इंजिन दम तोडतं. हे कुणालाही कळतं.

खरा घोळ आतल्या बाजूला लिक असल्यावर होतो. या इंजिनाला सिलिंडरच्या एका बाजूनं पुशरॉडसाठी (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांसाठी) पोकळ जागा ठेवलेली असते, ती खाली ऑईलच्या चेंबरला आणि वर टॅपेट कव्हरला जोडलेली असते. पॅकिंग त्या बाजूला जळलं तर बाहेर काहीच दिसत नाही. गॅस सरळ त्या पोकळीत जातो, ऑईलच्या चेंबरमधी प्रेशर तयार होतं, टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदरमधनं (आतली हवा सुटायच्या नळीतनं) ऑईल उडून एअर फिल्टरमधी येतं, ऑईलचं झाकण उघडलं की धूर आणि फुंक, आणि सायलेन्सरमधनं निळा धूर. ही सगळी लक्षणं पिस्टनच्या रिंगा गेल्याची म्हणून सांगितली जातात. मग दुकानात सांगतात की पिस्टन, रिंग, बोअर सगळं गेलं, हाफ इंजिन बदला नाहीतर नवीनच घ्या. आमच्याकडं तालुक्यात एका दुकानात एका शेतकऱ्याच्या इंजिनाला नवा पिस्टन सेट टाकला, जुनंच पॅकिंग परत बसवलं, इंजिन पुन्हा तसंच धूर मारत, मग त्याला सांगितलं की बोअरच खराब आहे. हेड काढून बघितलं तर पुशरॉडच्या बाजूला पॅकिंगवर बोटभर रुंदीची काळी वाट पडलेली. दुकानाचं नाव घेत नाही, कारण एकाच दुकानाचा प्रश्न असता तर पेपरला पत्र लिहायला बसलोच नसतो.

आणि अजून एक, कॉम्प्रेशन गेज लावून "कॉम्प्रेशन कमी आहे" म्हणून सांगतात त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर ऑटो डीकॉम्प्रेशन असतं, दोरी हलकी ओढली जावी म्हणून कमी स्पीडला ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतं, त्यामुळं धडधाकट इंजिनाचंही गेज कमीच दाखवतं. खरी टेस्ट म्हणजे हवा भरून बघणं. प्लगच्या जागी आट्याची नळी लावायची (टू व्हीलरच्या स्पेअरपार्टवाल्याकडं मिळते, नाहीतर जुन्या प्लगची पांढरी चिनी माती फोडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह डाग देऊन बसवायचा), पिस्टन बरोबर वर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाच्या सगळ्यात वरच्या जागी) आणायचा, गिअर न्यूट्रल, पाती आणि पाय लांब, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं थोडी थोडी हवा सोडायची. पिस्टन जरा इकडं तिकडं असला तर हवेनं इंजिन फिरतं म्हणून हे सांगतोय, मस्करी नाही. मग नुसतं ऐकायचं. कार्बोरेटरमधनं हवा आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधनं आली तर एक्झॉस्ट, फिन्समधनं आली तर पॅकिंग. ऑईलच्या झाकणातनं आली तर रिंगा किंवा आतल्या बाजूचं पॅकिंग, दोन्हीपैकी काहीही असू शकतं, म्हणून तिथं आधी हेड काढून बघायचं, पिस्टन सेटचे पैसे नंतर. दहा मिनिटांचं काम आहे आणि पंक्चरवाला चहावर करून देतो.

हेड लिक का होतं? पॅकिंगची क्वालिटी हे कारण दुकानदार सांगतो, ते शेवटचं कारण आहे. पहिलं कारण उष्णता. ही इंजिनं हवेवर थंड होतात, फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा पत्र्याच्या कव्हरमधनं वळवून फिन्सवर सोडलेली असते. आपल्याकडं उसाचं पाचट, गवताचं कुसळ आणि चिखल त्या फिन्समधी जाऊन असा घट्ट बसतो की फिन्स आहेत का नाही तेच कळत नाही, आणि कव्हर काढल्याशिवाय तो दिसतही नाही. काहीजण तर एकदा काढलेलं कव्हर परत लावतच नाहीत, म्हणे इंजिनाला मोकळी हवा लागते! उलट कव्हर काढलं की पंख्याची हवा भलतीकडंच जाते आणि हेड तापतं. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचे, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. प्रमाणाबाहेर तापलं की पॅकिंग नको तेवढं चेपतं आणि थंड झाल्यावर ढिलं राहतं, हेडही वाकतं, आणि वाकण्याची मर्यादा आहे किती तर ०.१० मिमी, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी. त्यात संध्याकाळी काम संपलं की गरम इंजिनावर बादलीनं पाणी ओतून धुवायची आपली सवय. ती सवय मोडा, अर्धा तास थांबा, पाणी कुठं पळून जात नाही.

दुसरं कारण बोल्ट आवळण्याचं आणि खरं तर मला हेच सांगायचंय. ६८ मिमी बोअर म्हणजे क्षेत्रफळ झालं साधारण ३६ चौरस सेंटिमीटर. पेट्रोल पेटल्यावर आतला दाब ३० बारच्या आसपास धरला तरी हेडला वर ढकलणारा जोर एक टनाच्या वर जातो. ३६०० आरपीएमला फोर स्ट्रोक इंजिन सेकंदाला ३० वेळा पेटतं, म्हणजे सेकंदाला ३० वेळा एक टनाचा धक्का. तो झेलायचा चार बोल्टांनी. कंपनीनं बोल्टाचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिलाय २४ न्यूटन मीटर, तेवढं आवळल्यावर एकेक बोल्ट साधारण दीड टनानं हेड दाबून धरतो, चार मिळून सहा टन. हिशोबात जागा भरपूर आहे, पण चारी बोल्ट सारखे आवळले तरच. एक बोल्ट अंगात येऊन पिळला आणि समोरचा जरा ढिला राहिला की पॅकिंग त्या ढिल्या बाजूला जळणार म्हणजे जळणारच, आणि पिळलेल्या बाजूला सिलिंडरमधले ॲल्युमिनियमचे आटे निघून येणार. आटे गेले की मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग) बसवणं आलं. आपल्याकडं "हाताचा अंदाज" म्हणून जे चालतं ना, लांब पाना घेऊन "कच्च" आवाज येईस्तोवर, त्या अंदाजानं किती इंजिनं घालवली त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

आता काम कसं करायचं ते सांगतो, ज्याला जमेल त्यानं करावं, ज्याला नाही त्यानं निदान मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघावं.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. प्लगची कॅप काढून बाजूला. पेट्रोलचा कॉक बंद, टाकी, एअर फिल्टर, कार्बोरेटर, सायलेन्सर, फॅनचं कव्हर काढायचं, गव्हर्नरची (इंजिनाचा स्पीड सांभाळणाऱ्या भागाची) बारीक स्प्रिंग कुठल्या भोकात होती त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढायचा, नाहीतर नंतर इंजिन एकतर रेसच होत नाही किंवा बोंबलत सुटतं. टॅपेट कव्हर काढून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणला की दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफा) ढिले होतात, मग पुशरॉड काढून कुठला इनलेटचा आणि कुठला एक्झॉस्टचा ते खूण करून ठेवायचे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर बऱ्याच मॉडेलला एक बारकी टोपी असते, ती हमखास मातीत पडते, ती जपा. हेडचे बोल्ट एकदम एक एक करून सोडायचे नाहीत, तिरके तिरके, समोरासमोर, अर्धा अर्धा आटा. हेड चिकटलं असलं तर प्लास्टिकच्या हातोडीनं हलकं ठोकायचं, मधी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, तिथं पडलेला ओरखडा म्हणजे गॅसला नवीन रस्ता.

जुनं पॅकिंग खरवडायला पण लोखंडी पत्ती नको, बांबूची कामटी किंवा जुनं एटीएम कार्ड चालतं, आणि आधी रॉकेलनं भिजू द्यायचं. सिलिंडरच्या भोकात आणि पुशरॉडच्या पोकळीत फडकं कोंबून ठेवायचं म्हणजे कचरा ऑईलमधी जात नाही. आता जुनं पॅकिंग फेकायच्या आधी उजेडात धरून बघा, जिथनं फुंकत होतं तिथं काळं पडलेलं असतं, हेडचा तोच भाग वाकलेला निघणार असं समजून चाला.

वाकलंय का ते बघायला सरळ स्टीलची पट्टी आणि फिलर गेज. पट्टी कडेवर धरून हेडवर ठेवायची, आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्यांवर, आणि खालनं ०.१० ची पाती जाते का बघायची. जात असेल तर हेड फेस, म्हणजे घासून सपाट, करायला पाहिजे. लेथवाल्याकडं नेलं तर तो चकाचक करून देतो पण कधी कधी नको तेवढं कापतो. घरी करायचं तर काचवाल्याकडनं ८-१० मिमी जाड काचेचा तुकडा आणा, त्याच्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून चिकटवा, रॉकेल टाका, व्हॉल्व्ह काढलेलं हेड त्यावर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा. दाबायचं नाही, हेडच्या वजनावरच फिरवायचं आणि मधनं मधनं हेड वळवून धरायचं, कारण आपला हात कायम एकाच बाजूला जड पडतो. आधी मार्करनं हेडच्या तोंडावर रेघोट्या मारून ठेवल्या की कुठला भाग खोल आहे ते कळतं, रेघा सगळीकडनं गेल्या की हेड सपाट. शेवटी ४०० नंबर. नंतर साबणाच्या पाण्यानं आणि पेट्रोलनं असं धुवा की बोट फिरवलं तरी कणी लागता कामा नये, ती कणी व्हॉल्व्हच्या गाईडमधी गेली तर केलेलं सगळं वाया. आणि पट्टी सिलिंडरच्या तोंडावर पण ठेवून बघायची, लोक हे विसरतात. हेड सपाट करून वाकड्या सिलिंडरवर बसवायचं म्हणजे महिन्याभरात परत तेच.

एक धोक्याची सूचना इथंच देतो. हा काचेवर घासायचा उद्योग डिझेल इंजिनाच्या हेडला करू नका. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनांमधी पिस्टन आणि हेडमधलं अंतर फार थोडं असतं आणि ते मोजून ठेवावं लागतं, ते काम जाणकार मिस्त्रीचंच. जुन्या इंजिनांना तांब्याचं पॅकिंग असायचं, ते लाल करून पाण्यात बुडवलं की मऊ होऊन परत वापरता यायचं, आमच्या आधीच्या पिढीतले मिस्त्री हे करायचे आणि ते बरोबरच होतं. पण तीच सवय आजच्या पॅकिंगला लावून जुनंच परत बसवतात ते साफ चूक आहे. आजचं पॅकिंग एकदा चेपलं की संपलं. आणि त्यावर सिलिकॉन, शेलॅक असलं काही थापायचं नाही, कोरडंच बसवायचं. बाहेरनं फिन्सवर एम-सील लिंपलेलं हेडसुद्धा आमच्याकडं येतं, बघून हसावं का रडावं कळत नाही.

बसवताना दोन गाईड बुश जागेवर आहेत का बघा, पॅकिंग त्यांच्यात बसलं पाहिजे. बोल्टाचे आटे ब्रशनं साफ करा. मग चारी बोल्ट हातानं टेकवून तिरके तिरके आवळायचे, पहिल्या फेरीत ८, दुसऱ्या फेरीत १६ आणि शेवटी २४ न्यूटन मीटर. टॉर्क पाना असेल तर उत्तम. नसेल तर हे करा: वजनाचा हुकवाला स्प्रिंग काटा घ्या, पान्यावर बोल्टाच्या मध्यापासून २४ सेंटिमीटरवर खूण करा, हुक तिथं अडकवा आणि काटकोनात ओढा. काट्यावर १० किलो दिसले की २.४ किलोग्रॅम-मीटर टॉर्क झाला, म्हणजे जवळपास २४ न्यूटन मीटर. पहिल्या फेरीला साडेतीन किलो, दुसरीला सात किलो. भंगारवाल्याकडं, मासळीवाल्याकडं, घरात गॅसची टाकी मोजायला कुठं ना कुठं असा काटा असतोच, त्यामुळं "टॉर्क पाना नाही" हे कारण सांगू नका. फक्त काटा खरा पाहिजे, पाच किलोची तांदळाची पिशवी अडकवून आधी तपासा.

मग टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट. गार इंजिनाला इनलेट ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी हे जुन्या मॉडेलचं माप आहे, नवीन मॉडेलला कमी आहे, तेव्हा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात बघूनच ठेवा. इंजिन चालू करून १०-१५ मिनिटं लोडशिवाय चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि बाजारात मिळणारं साधं पॅकिंग असेल तर टॉर्क परत एकदा तपासा. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. ऑईल साधारण ६०० मिली, ते बदलूनच टाका कारण त्यात पेट्रोलचा आणि जळक्या गॅसचा वास आलेलाच असतो.

आता संपादक साहेब, तुमच्याकडं मागणं काय आहे ते. मी वर जे माप दिलं, २४ न्यूटन मीटर, ते यंत्रासोबत मिळालेल्या कुठल्याही मराठी पुस्तिकेत मला दिसलेलं नाही. पुस्तिका असते, इंग्रजी नाहीतर गुगलनं केलेल्या हिंदीत, त्यात "इंजिन चालू असताना हात घालू नका" एवढं असतं. सरकारचे म्हणजे आपलेच पैसे अनुदानात जातात, २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियान चालू आहे, मग अनुदानाच्या यादीत यंत्र घेताना त्या कंपनीला मराठीत दुरुस्तीचं एक पान द्यायची अट का नाही? टॉर्क, टॅपेट, प्लग गॅप, ऑईल, पॅकिंगचा पार्ट नंबर. एक पान. विडरच्या हँडलला लॅमिनेट करून बांधता येईल असं.

दुसरं, कृषी विज्ञान केंद्रात बियाणं, खत, माती परीक्षण याची शिबिरं होतात आणि चांगली होतात. तिथं वर्षातनं एक दिवस छोट्या इंजिनाचा ठेवा, टॉर्क पाने भाड्यानं द्या, गावातल्या आयटीआय झालेल्या पोरांना बोलवा. त्या पोरांना डिझेल मेकॅनिकचा ट्रेड येतो, डोकं चांगलं असतं, पण गावात येणारं काम हे या छोट्या पेट्रोल इंजिनाचं असतं आणि ही इंजिनं त्यांनी कोर्समधी हातात घेतलेली नसतात असं तीच पोरं सांगतात. एक दिवस हेड काढून बसवलं तरी पुढं दहा गावांचं काम होईल.

आणि तुमच्या पेपरनं निदान एवढं करावं, शेती पानावर अनुदानाच्या चौकटीशेजारी एक छोटी चौकट मापांची द्यावी. आठवड्याला एक यंत्र घ्या, विडर झाला की पंप, पंप झाला की ब्रश कटर, मग टिलर. मापं कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधनंच घ्या, माझ्यासारख्याच्या पत्रातनं नको. उसाची बांधणी सुरू व्हायच्या आधी सुरुवात केलीत तर लोकांच्या कामाला येईल, बांधणी सुरू झाली की मग कुणाला इंजिन खोलायला वेळ नसतो, ते सरळ दुकानात जातं आणि तिथं पिस्टन सेट तयारच असतो.

आपला,
एक वाचक, ता. कराड, जि. सातारा